‘शंभर मीटर’चं घड्याळ आणि ऐंशी अंशांची खोली
लेखमाला : वस्तूंचा स्वभाव – लेखांक १४

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला, डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्यालगत, कल्याणात खडकपाड्याच्या बाजूला गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी मोठी गृहसंकुलं उभी राहिली, त्यांच्या माहितीपत्रकांत तरणतलाव आणि जिम यांच्या पाठोपाठ ‘स्टीम आणि सॉना’ हे शब्द हमखास दिसू लागले. त्याच काळात मध्यमवर्गाच्या मनगटावरचं घड्याळही बदललं. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवण्याची तरतूद आहे, म्हणजे हे बदलणं आणखी वाढणार. तेव्हा लाख-दोन लाखांचं, क्वचित त्याहून बरंच महाग घड्याळ हातात घालून क्लबहाऊसच्या सॉनात बसावं की नाही, हा प्रश्न आता निव्वळ श्रीमंती चोचला राहिलेला नाही. त्याची दोन तयार उत्तरं मिळतात. दुकानात सांगतात, ‘शंभर मीटरपर्यंत वॉटर रेझिस्टंट आहे, काही होत नाही.’ घड्याळाचे शौकीन सांगतात, ‘चुकूनही नेऊ नका.’ दोन्ही उत्तरांत कारण नसतं, आणि कारण कळलं नाही की माणूस सोयीचं उत्तर उचलतो. माझं म्हणणं असं की, सॉनातल्या धोक्याचा घड्याळाच्या किमतीशी संबंध नाही आणि तबकडीवर छापलेल्या मीटरांशीही जवळजवळ नाही. तो आहे एका रबराच्या रिंगेच्या वयाशी, आणि सॉनातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांशी.

आधी त्या मीटरांचं पाहू. घड्याळावर १०० मीटर किंवा १० बार असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की त्या खोलीवरच्या पाण्याइतका स्थिर दाब ते घड्याळ प्रयोगशाळेत सोसू शकतं. यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२८१० हे २०१० सालचं. त्यात दाबाच्या चाचणीसोबत तापमानाचीही एक चाचणी आहे: घड्याळ ४० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं, मग २० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं, पुन्हा ४० अंशांत पाच मिनिटं. त्यानंतर ते चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात आणि मिनिटभराने पुसून पाहतात. काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरलेलं दिसलं, तर घड्याळ नापास. पाणबुड्यांच्या, म्हणजे डायव्हरच्या, घड्याळांचं मानक, आयएसओ ६४२५, याहून कडक. तिथे ४० अंश, ५ अंश आणि पुन्हा ४० अंश अशी उडी मारावी लागते. अचूकतेचं ‘क्रोनोमीटर’ प्रमाणपत्र देणारी स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था यंत्राची परीक्षा पंधरा दिवस घेते, पण तापमानं तीनच: ८, २३ आणि ३८ अंश. म्हणजे घड्याळाच्या गुणपत्रिकेतला एकही पेपर पंचेचाळीस अंशांच्या पुढे जात नाही. फिनलंडच्या पद्धतीचा सॉना ७० अंशांवर सुरू होतो आणि ९०-१०० पर्यंत जातो. परीक्षा संपते तिथून कितीतरी पुढे सॉनाची सुरुवात आहे. कागदोपत्री ‘उत्तीर्ण’ असलेलं घड्याळ सॉनाच्या विषयात नापास नसतं, ते त्या विषयाला बसलेलंच नसतं.

इथे आपल्याकडे नेहमी होणारा एक घोटाळा सोडवला पाहिजे. क्लबहाऊसमध्ये स्टीम आणि सॉना शेजारी शेजारी असतात, दोन्हीकडे लाकूड किंवा टाइल्स आणि घाम, त्यामुळे लोक दोन्हींना एकाच दमात मोजतात. घड्याळाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉनात हवा प्रचंड तापलेली पण कोरडी असते, आर्द्रता दहा-वीस टक्के. स्टीम रूममध्ये तापमान अवघं ४०-५० अंश, पण हवा बाष्पाने शंभर टक्के भरलेली. आकडे मांडले की चित्र स्पष्ट होतं. ८० अंश आणि दहा टक्के आर्द्रतेच्या सॉनात एका घनमीटर हवेत साधारण २९ ग्रॅम बाष्प असतं. जुलैत पाऊस दोन दिवस टिकला की ठाण्यात हवा २९ अंश आणि नव्वद टक्के आर्द्रतेवर येते, तेव्हा एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे बाष्पापुरतं बोलायचं तर आषाढातला ठाण्याच्या तलावपाळीचा काठ आणि कोरडा सॉना जवळपास सारखेच. पण ४५ अंशांच्या भरलेल्या स्टीम रूममध्ये तोच आकडा ६५ ग्रॅमवर जातो. शिवाय गार घड्याळ तिथे नेलं की त्याच्यावर लगेच पाणी धरतं. फटीफटीत, पट्ट्याच्या कड्यांत, चावीच्या बुडाशी. सॉना घड्याळाला तापवतो, स्टीम त्याला पाण्यात बसवते. फिनलंडमध्येही तापल्या दगडांवर पाणी ओतून मधूनच वाफेचा झोत काढतात, तेवढ्यापुरता सॉना स्टीमकडे झुकतो. त्या देशाची सॉना-संस्कृती युनेस्कोच्या वारसा यादीत २०२० साली गेली. तिथले लोक अंगावर काय ठेवून आत जातात हे पाहिलं तर उत्तर सोपं आहे: काही नाही.

आता उष्णतेची जी भीती घातली जाते तिच्यातला फुगवटा काढून टाकू, कारण चुकीच्या कारणाने दिलेला बरोबर सल्लासुद्धा फार दिवस टिकत नाही. पहिली भीती अशी, की आतली हवा तापून फुगेल आणि काच उडेल. हिशोब करून पाहा. २७ अंशांवर बंद केलेलं घड्याळ आतून ६० अंशांवर गेलं, तर आतल्या हवेचा दाब अकरा टक्के वाढतो, म्हणजे साधारण मीटरभर पाण्याइतका. शंभर मीटरच्या घड्याळाला त्याचं काहीच नाही. दुसरी भीती वेळ चुकण्याची. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि २५ अंशांच्या आसपास तो सर्वांत स्थिर असतो. तापमान त्यापासून जसं दूर जाईल तसा तो मंदावतो. ६० अंशांवर त्याचा मंदपणा दिवसाला साडेतीन सेकंदांच्या घरात येतो. पण पंधरा मिनिटांच्या बैठकीत तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकाही होत नाही. चावीच्या घड्याळातल्या केसासारख्या स्प्रिंगचा प्रश्न तर शंभर वर्षांपूर्वीच मार्गी लागला. तापमानाने न बदलणाऱ्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आजच्या घड्याळांतल्या स्प्रिंगा त्याच वाटेने पुढे आलेल्या आहेत. पोलाद, नीलमण्याची काच, सिरॅमिकची कडी, यांतल्या कोणालाही ऐंशी-नव्वद अंशांनी फरक पडत नाही.

शिवाय मनगटावरचं घड्याळ ऐंशी अंशांपर्यंत पोचतच नाही. त्याची पाठ कातडीला टेकलेली असते. सॉनात कातडीचं तापमान ४० अंशांच्या आसपास चढतं, आणि घामामुळे व वाहत्या रक्तामुळे ते तिथेच रोखून धरलं जातं. बाहेरून खोली घड्याळाला तापवत असते, आतून माणूस त्याला गार करत असतो. दहा-पंधरा मिनिटांत यंत्राचं तापमान या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडतं. यातून एक उफराटा निष्कर्ष निघतो, आणि तो बहुतेकांच्या सवयीच्या नेमका विरुद्ध आहे. आत गेल्यावर पोलाद चटका द्यायला लागतं, मग माणूस घड्याळ काढतो आणि शेजारी लाकडी फळीवर, नाहीतर वरच्या पायरीवर ठेवून देतो. हे सर्वांत वाईट. मनगटाची सोबत सुटली की घड्याळ खोलीच्या तापमानाकडे धावतं, आणि वरची पायरी ही खोलीतली सर्वांत तापलेली जागा. तिथे खरोखरच काही गोष्टी बिघडू शकतात. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळात पॅलेट फोर्क नावाचा एक इवलासा काटा असतो. त्याच्या दोन टोकांना माणकाचे दोन बारीक खडे बसवलेले असतात आणि घड्याळाची टिकटिक म्हणजे त्याच खड्यांचं चक्राच्या दातांवर आपटणं. हे खडे पारंपरिक पद्धतीने चक्क लाखेने चिकटवलेले असतात. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलातल्या किड्यांची ही देणगी स्विस कारागीर पिढ्यानपिढ्या वापरत आले, कारण ती गरम करून खडा केसभर सरकवता येतो आणि गार झाली की घट्ट धरते. हीच लाख पंचाहत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते. क्वार्ट्झ घड्याळांच्या बटन सेलची मर्यादा साधारण ६० अंशांची. त्यापुढे सेलमधला अल्कधर्मी द्रव गळण्याची शक्यता वाढते आणि तो गळला की सर्किट खातो. डिजिटल घड्याळाची तबकडी तापून काळी पडते. ती बहुधा गार झाल्यावर परत येते, पण पाहणाऱ्याचा जीव तोवर अर्धा झालेला असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ काढून ठेवणं हा अगदी हाच प्रकार आहे, फक्त त्याला क्लबची फी पडत नाही.

चटक्याबद्दल कंपन्याही स्पष्ट बोलतात. सिटिझन या जपानी कंपनीच्या पुस्तिकेत सॉनासारख्या जागी घड्याळ घालू नये, कातडी भाजेल, असं थेट म्हटलेलं आहे. म्हणजे तिथे काळजी घड्याळाची नाही, घालणाऱ्याची. सोनं पोलादापेक्षा उष्णता कितीतरी जलद वाहून नेतं. त्यामुळे सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ, गळ्यातली साखळी, अंगठी हे सगळं एकाच रांगेतलं, आणि ते दाराबाहेर ठेवायचं कारणही एकच.

मग उरतं ते रबर. घड्याळाचं मागचं झाकण उघडून पाहिलं तर त्याच्या कडेच्या खाचेत शिवणाच्या दोऱ्याइतकी जाड एक काळी रिंग दिसते. नव्या घड्याळात ती गोल, लवचीक असते आणि तिच्यावर सिलिकॉन ग्रीसची पुसटशी चमक असते. सहा-सात वर्षं न उघडलेल्या घड्याळात तीच रिंग चपटी झालेली, ग्रीस सुकून तिला कपड्याचे बारीक तंतू चिकटलेले, आणि चिमट्याने उचलली तर ती खाचेचा आकार धरून तशीच ताठ राहते. कुकरची रिंग जुनी झाली की शिट्टी व्हायच्या आधी कडेने वाफ फुसफुसते, तसाच हा प्रकार. फक्त इथे फुसफुसणं ऐकू येत नाही. आणखी एक रिंग काचेभोवती असते. सर्वांत इवली आणि सर्वांत कष्टाची रिंग चावीच्या नळीत असते. दर वेळी चावी ओढली, फिरवली, दाबली की ती घासली जाते. पेच असलेली चावी तारीख बदलून परत घट्ट करायची राहून गेली, तर दोनशे मीटरचं घड्याळसुद्धा बोटभर पाण्यात हार खातं. या रिंगांचं नायट्राइल रबर थोड्या वेळासाठी शंभर अंशही सोसतं. त्यामुळे एका सॉनाने ते मरत नाही. पण उष्णता रबराचं वय वाढवते, आणि दाबून बसलेलं रबर गरम झालं की त्याच दाबलेल्या आकारात कायमचं बसायला शिकतं. आठवड्यातून तीनदा सॉना घेणारा माणूस आपल्या घड्याळाच्या रिंगा सेवा केंद्राच्या वेळापत्रकापेक्षा खूप आधी म्हाताऱ्या करतो. त्याला ते कळण्याचा मार्ग एकच, काचेच्या आत धरलेलं धुकं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आता खरी गोम. रिंग पूर्ण चांगली असेल, तर सॉनात आतला दाब अकरा टक्के वाढतो, बाहेर आल्यावर उतरतो, विषय संपला. रिंग पूर्ण खराब असेल तर मालकाला ते कधीच कळलेलं असतं. धोका मधल्या घड्याळांना आहे, ज्यांची रिंग रोजच्या हात धुण्याला पुरते पण दाब फार वेळ धरून ठेवू शकत नाही. अशा घड्याळातली वाढीव हवा पंधरा मिनिटांत हळूहळू बाहेर पाझरते. आत आणि बाहेर दाब सारखा होतो. मग माणूस उठतो, तडक शॉवरखाली जातो किंवा तरणतलावात उडी मारतो. घड्याळ ६० अंशांवरून २७ वर येतं आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा दहा टक्क्यांनी खाली पडतो. घड्याळ श्वास आत घेतं, आणि त्या क्षणी त्याच्याभोवती हवा नसते, पाणी असतं. आतली मोकळी जागा दोन घनसेंटिमीटर धरली, तर आत ओढलं जाऊ शकणारं पाणी ०.२ घनसेंटिमीटर, म्हणजे साधारण चार थेंब. चार थेंब ऐकायला किरकोळ वाटतात. पण पॅलेट फोर्कच्या जगात तो पूर आहे. तलावाच्या पाण्यात क्लोरीन, घामात मीठ, आणि आतले स्क्रू, पिना, स्प्रिंगा बाहेरच्या केससारख्या न गंजणाऱ्या पोलादाच्या नसतात. म्हणून कोरड्या सॉनात बसणं हे नुकसानाचं अर्धं कारण. दुसरं अर्धं म्हणजे त्याच घड्याळानिशी शॉवर. याच कारणाने मी म्हणतो की तबकडीवरचे मीटर इथे उपयोगाचे नाहीत. मीटरांची चाचणी बाहेरून दाबलेलं पाणी आत शिरतं का हे पाहते. इथे घड्याळ स्वतःच पाणी ओढून घेतं.

ठाणे-कल्याण पट्ट्यात या गणितात एक स्थानिक अध्याय जोडावा लागतो, आणि तो सॉनापेक्षा कितीतरी जास्त घड्याळांना लागू आहे. पावसाळ्यात स्टेशनबाहेरच्या टपरीवर घड्याळाचा सेल बदलला, की झाकण बंद करताना आत जी हवा कोंडली जाते ती जुलैची हवा असते. २९ अंश आणि नव्वद टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या वर असतो. तेच घड्याळ घालून माणूस एसी लोकलमध्ये किंवा एसी ऑफिसात शिरला आणि काच २७ च्या खाली गेली, की आतून धुकं धरलंच. पाणी कुठूनही शिरलेलं नसतं. ते झाकणासोबत बंद केलेलं असतं. टपरीवरच्या कारागिराचा हात बहुतेक वेळा उत्तमच असतो, दिवसभरात किती झाकणं उघडतो त्याची गणती नाही. पण त्याच्याकडे वातानुकूलित खोली नसते आणि दाब तपासायचं यंत्रही नसतं. त्याला दोष देण्यापेक्षा त्याला दोन गोष्टी सांगाव्या: रिंग पाहून लागली तर बदला, आणि ग्रीस लावा. महाग घड्याळ मात्र दाबचाचणीशिवाय बंद होऊ देऊ नये. ही चाचणी कोरडी असते. घड्याळ एका बंद डबीत ठेवून हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि केस किती मायक्रॉनने फुगते वा दबते ते मोजतात. केस फुगून तशीच राहिली तर रिंगा धरतायत; फुगून हळूहळू परत बसली तर हवा निसटतेय. सॉनातून शॉवरमध्ये जाणारं घड्याळ हीच परीक्षा देत असतं, पण पाण्यात आणि निकाल न वाचता.

आमच्या जिल्ह्याला गरम पाण्याचा सराव क्लबहाऊसांच्या फार आधीपासून आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथली कुंडं पिढ्यानपिढ्या लोकांना घाम आणत आली आहेत; चिमाजी आप्पांनी वसईच्या १७३९ च्या मोहिमेत केलेल्या नवसाशी वज्रेश्वरीच्या मंदिराची कथा जोडलेली आहे. कुंडात उतरताना घड्याळ काढायचं कारण मात्र सॉनाहून वेगळं. ते पाणी सॉनाइतकं तापलेलं नसतं, पण त्यात विरघळलेले क्षार असतात आणि गंधकाचा वास येतो. कोकणपट्टीतल्या बहुतेक गरम झऱ्यांचं पाणी क्लोराइडयुक्त आहे. चांदी आणि तांब्याचे मिश्रधातू गंधकामुळे काळवंडतात, म्हणजे पितळी केसवर मुलामा दिलेलं जुनं घड्याळ, चांदीची साखळी यांचा रंग उतरतो. चांगल्या पोलादाला तेवढं काही होत नाही, पण पट्ट्याच्या कड्यांत साचलेलं खारट गरम पाणी धुतलं नाही, तर तिथे बारीक खड्डे पडू शकतात. कुंडातून आल्यावर गोड्या पाण्याने घड्याळ धुवा हा सल्ला बरोबर; पण आधी ते साध्या तापमानाला येऊ द्या. ते का, हे चार थेंबांच्या हिशोबात येऊन गेलं.

आता आक्षेप. ‘माझं डायव्हरचं घड्याळ आहे, दोनशे मीटरचं’ हा सर्वांत आत्मविश्वासाने घेतला जाणारा. तो अर्धा मान्य करायला हवा: डायव्हरचं घड्याळ जाड असतं, चावी पेचाची असते, ५ अंशांवर उडी मारायची परीक्षा ते उत्तीर्ण झालेलं असतं. रिंगा ताज्या असतील तर एखाद्या सॉनाने त्याचं काही वाकडं होणार नाही. पण ती परीक्षा नव्या घड्याळाने दिलेली असते. पाच-सात वर्षं न उघडलेल्या घड्याळाला तिचा दाखला देता येत नाही. दुसरा आक्षेप, ‘मी वर्षानुवर्षं घालतो, काही झालं नाही.’ हे खरंच असेल. पण रिंग तिच्या वयाने जाते, आधीच्या नशिबाने नाही. आणि ज्यांची घड्याळं बिघडली ते क्लबहाऊसच्या बाकावर बसून त्याचा गाजावाजा करत नाहीत. तिसरा आक्षेप मला सर्वांत न्याय्य वाटतो: लॉकरमध्ये ठेवलं तर चोरीला जाईल. पण मग उत्तर असं, की स्वतःच्या संकुलातल्या क्लबहाऊसला जाताना ते घड्याळ घरून निघालंच का? सॉनात वेळ कळावी म्हणून दारावर वाळूचं घड्याळ टांगलेलं असतं, त्याला ना सेल लागतो ना रिंग.

स्मार्टवॉचवाल्यांचं म्हणणं थोडं वेगळं असतं. त्यांना नाडीचे ठोके मोजायचे असतात, आणि सॉनात नाडी चढते हे खरं. पण ॲपलच्या नेहमीच्या घड्याळासाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश असं कंपनीनेच दिलेलं आहे, आणि सॉना व स्टीम रूममध्ये ते घालू नये असाही तिचा सल्ला आहे. आत लिथियमची बॅटरी आहे, तिचं आयुष्य उष्णतेने कमी होतं. ठोकेच मोजायचे असतील तर बाहेर आल्यावर दोन बोटं मनगटावर ठेवून मोजता येतात.

राहता राहिला प्रतिष्ठेचा मुद्दा, आणि इथे महाग घड्याळाची बाजू उलट लंगडी पडते. सर्वांत महागड्या घड्याळांत पुष्कळ पातळ, समारंभी घड्याळं असतात. त्यांच्यावर ३० मीटर लिहिलेलं असतं आणि कातड्याचा पट्टा असतो. घाम आणि वाफ प्यालेला कातडी पट्टा आखडतो, कुबट वास धरतो. आपल्याकडच्या टायटनने २००२ साली अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचं ‘एज’ आणलं, तेही ३० मीटरचं होतं, आणि त्याची किंमत परदेशी घड्याळांच्या पासंगालाही पुरत नव्हती. पाणी अडवण्याचं कौशल्य किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. उलट स्वस्त घड्याळ उघडलं जातं, त्याचा सेल बदलतो, कोणीतरी रिंग पाहतो. वारशाने आलेलं फाव्र-ल्यूबा किंवा लग्नात सासऱ्यांनी दिलेलं एचएमटी मात्र कपाटातून सणासुदीला निघतं, आणि त्याच्या रिंगेचं वय कोणालाच माहीत नसतं. अशा घड्याळासाठी सॉनाचा विचारच नको, पावसातली छत्रीसुद्धा पुरेशी नाही.

आणि तरीही कधी काचेच्या आत धुकं दिसलंच, तर तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरू नये. तांदळाचा भुसा आत जात नाही हे खरं, पण पाणीही बाहेर येत नाही. फक्त एक दिवस वाया जातो, आणि तो दिवस गंजाच्या खात्यात जमा होतो. हेअर ड्रायर फिरवणं म्हणजे पुन्हा सॉना. चावी ओढून घड्याळ उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय त्याहून वाईट, कारण रात्री गार झालं की तीच उघडी चावी आणखी दमट हवा आत घेते. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ असेल तर ते चालवत राहू नये. सेलचं असेल तर सेल काढून घ्यायला सांगावं, कारण ओलं सर्किट विजेवर चालू राहिलं की त्याचा गंज आणखी वेगाने पसरतो. धुकं एसीतून बाहेर आल्यावर पाच मिनिटांत विरलं आणि नंतर कधीच दिसलं नाही, तर ती बहुधा जुलैत कोंडलेली हवा. पुढच्या वेळी सेल बदलताना कोरडा दिवस पाहावा. पण थेंब दिसले, किंवा काच तासाभरानेही निवळली नाही, तर ते घड्याळ त्याच दिवशी, दुकान बंद व्हायच्या आत, उघडणाऱ्या माणसाच्या हातात गेलं पाहिजे.